लपतादेवाला नारळ नाही

खडपाच्या टोकावरचे हे पाच दगड बघा. समुद्राला पाठ, तोंड उत्तरेला. हात जोडू नका, पाहुणे. हे देव नव्हेत, आरोपी आहेत.

असे सांगतात, की आमच्या कोंडबंदरातल्या द्वारकेचा नवरा धर्मा मोठ्या बोटीवर खलाशी होता. त्याची बोट उत्तर ध्रुवाच्या महासागरात शिरली, ती पलीकडे निघालीच नाही. बातमी आणली बाबल सारंगाने. गावाने रिवाजाप्रमाणे द्वारकेला अंगणात बसवलं आणि बांगड्या फोडायला दगड आणला.

"कुठल्या दर्यान नेला?" तिने विचारलं.

सारंग गडबडला, मग एकेक नाव सांगू लागला. तो महासागर म्हणजे काही एकच समुद्र नव्हे. शिरताना बॅरेंट्स, तिथे दक्षिणेचं ऊबदार पाणी येतं, म्हणून मासळी उदंड. मग कारा, त्यात मोठाल्या नद्या गोडं पाणी ओततात. मग लाप्तेव, तिथे धरलेला बर्फ दूरवर वाहत जातो. पुढे उथळ पूर्व सैबेरियन, आणि शेवटी चुकची, बाहेर पडायचा दरवाजा.

गावाच्या कानांनी ऐकलं ते बारीण, कारा, लपतादेव, उथळी आणि चुकीची. कारा म्हणजे तुरुंग, एवढं पुराण ऐकून सगळ्यांना माहीत होतं.

द्वारका ताडकन उठली. "तुरुंग हाय, लपनारा देव हाय, चुकीची हाय! मंग माजा मानूस मेला कशावरनं? पाचांतला एक कबूल होऊ दे, मंग फोडीन. तवर कुनी हात लावायचा नाय!"

बांगड्यांसाठी आणलेला दगड तिने उचलला आणि खडपावर नेऊन रोवला. तोच हा मधला, लपतादेव. बाकीचे चार मागाहून आले. गावाने तिला वाळीत टाकलं. ती बधली नाही. दर नारळी पुनवेला ती दगडांना नारळ दाखवायची, "आधी मानूस दे," म्हणायची, आणि तोच नारळ घरी नेऊन खायची.

पुढे सारंगाचा मुलगा इथल्याच समुद्रात बुडाला. त्याचं प्रेत दारात आलं. सुनेला अंगणात बसवलं, पण दगड उचलायला एकही बाई पुढे झाली नाही, म्हणे. शेवटी सारंगच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बांगड्या तिच्या हातात."

आजही कोंडबंदरात बांगडी फोडत नाहीत. बाहेरगावचं कुणी तोंड वाकडं करतं, "अहो, हिचा तर डोळ्यांदेखत गेला ना?" तेव्हा आमच्या बाया सांगतात, "गेला तो दर्याचा झाला. हात हिचेच हायत."