अळूच्या पानावरचा तिसरा थेंब

पावसाळा सरत आला होता, तरी खाडीकाठच्या त्या गावावरचं आभाळ काही उजळत नव्हतं. मारियामातेच्या जन्मदिनाचा नोवेना चालू होता. नऊ दिवस रोज सकाळी मुलं इवल्या इवल्या टोपल्यांत फुलं घेऊन चर्चमध्ये जात आणि मातेच्या पायाशी ओतत. नऊ वर्षांची दुलसीन मात्र आपली टोपली पायरीवरच ठेवून मागे फिरे.

तिच्या जन्माच्या दिवशीच तिची आई वारली होती. कातरीन आत्या उठता-बसता म्हणायची, "पांढऱ्या पायाची गं तू! आलीस ती आईला घालवूनच." आणि आता बाबा तापाने अंथरुणाला खिळले होते. डॉक्टर म्हणाले होते, "औषध देतोय, पण हे घोटभर पाणीही घेत नाहीत. जगण्यावरून मनच उडालंय यांचं."

दुलसीन दाराच्या फटीतून बाबांकडे बघे. आत पाऊल टाकत नसे. आपण शिवलो तर बाबाही जातील, अशी तिला धास्ती होती.

आठव्या सकाळी ती बांधावर तेरड्याची गुलाबी फुलं खुडत होती. तिथे देठांमधल्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकलं. बघते तर करंगळीएवढी परी! पंख जांभळे, अंगावर दवाची चमचम. पण जाळ्यात पार गुरफटलेली.

"सोडव ना गं मला," परी कळवळली.

"मी हात लावला तर तू मरशील," दुलसीन रडवेली होऊन म्हणाली. पण परीचा पंख फाटायला आला होता. तिने डोळे मिटले, येशूचं नाव घेतलं आणि हलक्या बोटांनी एकेक धागा सोडवला.

परीने पंख झटकले. "मेले का मी? बघ तरी!"

मग तिने अळूच्या पानावर तीन थेंब ठेवले, मोत्यांसारखे टपोरे. "ह्या तुझ्या तीन इच्छा. पुरवणारा तो वरचा, मी नुसती निरोप नेणारी. नियम एकच. मागताना त्याने घडवलेल्या मुलीला, म्हणजे स्वतःला, नावं ठेवायची नाहीत."

"मी वाईट आहे, पण माझ्या बाबांना बरं कर," दुलसीन घाईघाईने म्हणाली. पहिला थेंब विरून गेला.

"अगं बाई! चुकलंच. मी मेली आहेच अशी करंटी..." दुसराही गेला.

दुलसीन मटकन चिखलात बसली. "मी नाही म्हणत गं. ते आपोआप मनात येतं."

परी तिच्या गुडघ्यावर उतरली. "येऊ दे. येणाऱ्याला दारातच विचारायचं, तुला कुणी पाठवलं? येशूने महारोग्यांना जवळ घेतलं. 'लांब हो, अपशकुनी,' असं तो कुणा लेकराला म्हणेल का?"

दुलसीनने मान हलवली. "नाही. तो आवाज आत्याचा आहे."

"मग उरलेला थेंब तुझ्या हाताने बाबांना पाज. मागायचं ते तिथेच माग."

पान दोन्ही हातांत धरून ती निघाली. थेंब इकडून तिकडे घरंगळत होता. दारात आत्या उभीच होती. "कुठे निघालीस? भाऊ तरी राहू दे मला!"

पान कललं. थेंब पानाच्या कडेला आला. मनात तेच जुनं उठलं, पांढऱ्या पायाची... तुला कुणी पाठवलं? तिने मनातच विचारलं. आणि पान सावरलं.

"आत्या, मी येशूची आहे," ती हळूच म्हणाली. "बाजूला हो ना."

आत्या बाजूला सरली. दुलसीन आत गेली.

"देवा, मी तुझी लेक आहे. माझ्या बाबांना बरं कर." तिने पान बाबांच्या ओठांशी नेलं.

बाबांनी थेंब गिळला आणि डोळे उघडले. "आलीस गं बाय? मला वाटलं, आईविना वाढवली म्हणून माझ्यावर रुसलीस. कुणासाठी उठू, असं झालं होतं." त्यांनी उठून बसत तिचे चिखलाने माखलेले पाय मांडीवर घेतले आणि पंच्याने पुसले. "तुझी आई गेली, तेव्हा हीच पावलं होती माझ्या घरात. नाहीतर मी कसा जगलो असतो?"

त्या दिवशी बाबांनी वाटीभर पेज घेतली. आत्याने ती गुपचूप गरम करून दिली.

नवव्या सकाळी बाबा दुलसीनच्या खांद्यावर हात ठेवून चर्चपर्यंत चालत आले. टोपलीत तेरड्याच्या जोडीला आत्याच्या परसातला मोगराही होता. पायरीवर तो विचार पुन्हा आला. दुलसीनने त्याला पुन्हा विचारलं. आणि तिने आत पाऊल टाकलं.

फुलं मातेच्या पायाशी ओतताना त्यांतून एक जांभळी चमक उठली, खिडकीतून आलेल्या कोवळ्या उन्हात शिरली आणि ऊन होऊन गेली.