फकिराचा ळ

"पण बाबा, दोन्ही करेल अशी क्रीम नसतेच का? उन्हापासून वाचवेल आणि रंगही उजळवेल?"

प्रश्न होता कडुनिंबाखाली बसलेल्या फकीर शहाबुद्दीनबाबांना; आम्ही नेहमीचे काही जण भोवती बसलो होतो.

विचारणाऱ्या निर्मलाबाई कोठेकर. परभणीत त्यांचं साड्यांचं मोठं दुकान, आणि 'नाही' हा शब्द ऐकायची कानांना सवय नाही. शेजारी त्यांची मुलगी वैजू. वय पंधरा, शाळेच्या खो-खो संघात. तोंडाला ओढणी गुंडाळून बसलेली.

"दाखव, बेटी."

वैजूने ओढणी सोडली. गाल सोलल्यासारखे लाल, कपाळभर पुरळ. कडुनिंबातून झिरपलेलं चैत्रातलं ऊन गालावर पडलं, तशी तिने मान फिरवली.

"काय लावलं होतं?"

"गोरं करणारी क्रीम. पार्लरवालीने दिली होती. आधी छान उजळली होती हो पोर!"

"डॉक्टर काय म्हणाले?"

बाईंनी पर्समधून एक साधी ट्यूब काढली. "म्हणाले, त्या क्रीमने कातडी पातळ झाली, म्हणून ऊन चावतं. ती आमच्या देखरेखीखाली सोडवू. बाहेर जाताना ही लावा, टोपी घाला, पुऱ्या बाह्यांचं घाला, भर दुपारी खेळू नका. आता हे सांगायला डॉक्टर कशाला? हिच्यात रंगाचं काहीच नाही. मी विचारलं. तर म्हणतात, नाही म्हणूनच दिली."

"मग?"

"मग काय! यंदा रंग सुधारला नाही तर खो-खो बंद. आमच्या घराण्यात असला रंग कुणाचा नाही."

वैजू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मला बाईंचा असा राग आला, की मी दुसरीकडे बघू लागलो.

बाबांनी मात्र मुलीकडे बराच वेळ पाहिलं.

"सावली..." ते म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. बाबांची मराठी दखनी वळणाची; त्यांच्या जिभेला ळ कधी जमला नाही. ते केळ्याला 'केलं' म्हणत. काम केलं की फळ दिलं, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

बाई ताडकन उठल्या. "सावळी आहे हे सांगायला तुम्ही कशाला हवेत? घरात आरसा आहे!"

बसलेले चार जण हसले. वैजूने ओढणी पुन्हा गुंडाळली.

बाबा हसले नाहीत. ते उठले. झाडाखालची आपली फाटकी सतरंजी त्यांनी ओढत उन्हात नेली आणि तिच्यावर बसले. मग रिकाम्या झालेल्या जागेकडे बोट दाखवलं.

"बेटी, तिथं बस."

वैजू बाबांच्या जागी, दाट सावलीत जाऊन बसली. हळूहळू तिची ओढणी सैल झाली.

आता कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "अस्सं... सावली म्हणालात होय! मला वाटलं..."

"माझ्या जिभेला फरक जमत नाही, माय. तुझ्या कानाला?"

बाई ओशाळल्या. पण क्षणभरच.

"बरं, सावलीत ठेवीन. हीच ट्यूब लावीन. पण बाबा, मग रंगाचं...?"

"आई, पुरे ना."

वैजू पहिल्यांदाच बोलली होती.

"बाबा, खरं सांगू? मैदानावर पोळतं, पण घरी जास्त पोळतं. रोज सकाळी आई मला खिडकीपाशी नेते. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करते, आणि बघते... कालच्यापेक्षा उजळलं का. काही बोलत नाही. नुसती बघते."

कुणी हसलं नाही.

"तिच्या भल्यासाठीच करते मी!" बाईंचा आवाज चढला. "आपल्याकडचं ऊन काय साधं आहे? लेकराला जपायला नको?"

बाई सावलीत उभ्या होत्या. बाबा उन्हात बसले होते. तरी बाईंकडे बघताना त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला.

"ऊन सांजेला मावलतं, माय... तू?"