टिटवीची नवी पदवी

मुलांनो, ज्यांनी नाव बदलले त्यांचे काहीही गेले नाही. ज्यांनी नुसते नाव ऐकून नकार दिला, त्यांचेही काही गेले नाही. दोघेही आज त्याच तळ्यावर पाणी पितात आणि विचारले तर एकमेकांकडे बोट दाखवतात. गेले ते तिसऱ्याच कुणाचे.

सागाच्या एका जंगलात, तळ्याकाठी, एक तरुण टिटवी राहत असे. जंगलातल्या शाळेत ती पहाऱ्याचे शिक्षण घेत होती. वारा नसताना गवत हलले तर काय समजावे, बिबट्या पाण्यावर कुठल्या बाजूने येतो, हाक कशी द्यावी, हे सारे ती मन लावून शिकली. या शिक्षणाची पदवी होती 'पहारेकरी'. पण शेवटच्या वर्षी शाळेचा मुख्य असलेल्या मोराने जाहीर केले, "यापुढे ही पदवी 'सर्वदिशा-निरीक्षण-विशारद' या नावाने ओळखली जाईल." धडे तेच, शिकवणारेही तेच. "सर, हरणांना हे नाव कळेल ना?" टिटवीने विचारले. मोर पिसारा सावरत म्हणाला, "अगं, पहारेकरी व्हायला हल्ली कोण येतं? विशारद व्हायला बघ कशी रांग लागलीय! तू काळजी करू नकोस." ज्याला स्वतःला काळजी नसते, तोच असे म्हणतो.

टिटवीला काळजी होती, कारण तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. तळ्याकाठी तर चितळांच्या खुरांचा सतत वावर. मात्र चितळांची एक रीत होती. कळपाने नेमलेल्या पहारेकऱ्याला काठावरचा एक तुकडा मिळे आणि त्या तुकड्यावर कोणतेही हरीण पाय ठेवत नसे. टिटवीला तेवढा तुकडा हवा होता. ती कळपाच्या म्होरक्याकडे गेली.

"पदवी?" म्होरक्याने रवंथ न थांबवता विचारले.

"सर्वदिशा-निरीक्षण-विशारद."

"हे काय असतं?"

"पहाऱ्याचंच शिक्षण आहे, दादा. हवं तर आत्ता हाक देऊन दाखवते."

"हाक नको, पाडसं दचकतात. आम्हाला पहारेकरी हवाय. विशारद घेऊन काय करू?"

तिच्या मागे एक बगळा उभा होता. दूरच्या डबक्यावरच्या शाळेतून तो 'पहारेकरी' होऊन आला होता. तिथे पहारा म्हणजे माशांवर पहारा. न हलता, न बोलता एका पायावर उभे राहायचे, एवढेच शिकवत. ते कोणी विचारले नाही. नाव जुळले आणि तुकडा बगळ्याला मिळाला. म्होरक्याने सगळ्यांना बजावले, "ऐका रे! यापुढे बगळ्यानं हाक दिली तरच पळायचं. दुसऱ्या कुणाच्या ओरडण्यानं चरणं सोडायचं नाही."

काठावर दुसरी उघडी जागा उरली नव्हती, म्हणून टिटवीने अखेर कळपाच्या पायवाटेवर, खुरांच्या ठशांमध्येच अंडी घातली. कळप जवळून गेला की तिचा जीव टांगणीला लागे. एका दुपारी, वारा पूर्ण पडलेला असताना, समोरचे गवत हलले. बिबट्या! बगळ्यानेही त्याला पाहिले आणि शिकवल्याबरहुकूम तो जराही हलला नाही. टिटवीने गवताकडे पाहिले, मग पोटाखालच्या अंड्यांकडे. हाक दिली, तर कळप याच वाटेने उधळणार.

तिने हाक दिली.

हरणांनी माना वर केल्या. "ती नेमलेली नाही," म्होरक्या म्हणाला, आणि माना पुन्हा खाली गेल्या. टिटवी ओरडतच राहिली. कळपात एक म्हातारी हरिणी होती, कानाने अधू. म्होरक्याचा हुकूम तिला ऐकूच गेला नव्हता. टिटवीची चिरकी हाक मात्र तिच्याही कानात शिरली. ती पळाली. एक हरीण पळाले की बाकीची थांबत नाहीत. सगळा कळप तिच्यामागे उधळला आणि बिबट्याची झेप रिकाम्या गवतावर पडली.

धूळ खाली बसली तेव्हा वाटेवर फक्त टरफले उरली होती.

"मी जागचा हललो नाही," बगळा अभिमानाने सांगत होता. म्होरक्या टिटवीजवळ येऊन म्हणाला, "शाबास पोरी! नेमली तुला. फक्त शाळेकडून पदवीचं नाव जुनं करून आण, म्हणजे कळपाला सांगता येईल." टिटवी चोचीने एकेक टरफल वाटेच्या कडेला नेऊन ठेवत होती.

तात्पर्य : पदवीला नाव देणाऱ्याने ते नाव कुणाला कळेल याचा आधी विचार करावा, आणि पदवी विचारणाऱ्याने नाव ऐकून न थांबता "तुला येतं काय?" हेही विचारावे. दोघांनी आळस केला, तर भोगावे लागते ते शिकणाऱ्याला.

म्हाताऱ्या हरिणीला हे तात्पर्य सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अरे, जरा मोठ्यानं सांग. माझ्यासाठी नव्हे, मला कळलं. ज्यांना ऐकू येतं ना, त्यांच्यासाठी."