दारातली मुलगी

एकदा एका वृद्ध अध्यापकांकडे त्यांची जुनी शिष्या न्याय मागायला आली. अध्यापक वाईला राहत. काव्य कसे वाचावे, हे त्यांनी चाळीस वर्षे शिकवले होते. आता ते फारसे घराबाहेर पडत नसत. शिष्येचे नाव वैजयंती. वय पंचेचाळीस, स्वतः शाळेत मराठी शिकवणारी, बुद्धीने तल्लख आणि बोलण्यात जराशी धारदार.

रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेच्या प्रेक्षकांचा समूह ती मोबाइलवर चालवत असे. सहा हजार माणसे त्यात होती. भाग संपला की कोण कसे वागले आणि का वागले, यावर वैजयंती सविस्तर लिही, आणि तिने लावलेला अर्थ बहुतेकांना अखेरचा वाटे.

त्या मालिकेची नायिका रेवती एके दिवशी घर सोडून गेली. छळणारा नवरा, सासर, सहा वर्षांची मुलगी, सगळे मागे टाकून ती एसटीत बसली. वैजयंतीने लिहिले, 'ही बाई आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही.' शेकडो जणांनी मान डोलावली. फलटणच्या इंदुमती शेडगे नावाच्या बाईंनी मात्र उत्तर दिले, 'ती गेली म्हणून वाचली. मुलीला पुढे जिवंत आई तरी भेटेल.'

वैजयंतीने त्यांना सर्वांदेखत सुनावले, 'तुम्हाला मुलंबाळं नसावीत असं दिसतं.' मग इतरांनाही चेव आला. दोन दिवस त्या बाईंना लोक नको नको ते बोलले. तिसऱ्या दिवशी वैजयंतीने त्यांना समूहातून काढून टाकले. पण त्यानंतर तिचे चित्त थाऱ्यावर राहीना. म्हणून ती वाईला आली होती.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. माझा अर्थ बरोबर, की त्या बाईंचा?"

"मी काही ती मालिका पाहिलेली नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "तो प्रसंग मला लिहून दे. जे दिसलं तेवढंच लिही. मत नको."

तिने पानभर लिहिले. गुरुजींनी ते वाचले, घडी घातली आणि दुसरा कागद दिला. "पुन्हा लिही."

तिने पुन्हा लिहिले. त्यांनी तिसरा कागद पुढे केला.

"गुरुजी, माझी परीक्षा घेताय का?"

"लिही तर खरं."

तिसरा कागद वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आता तो प्रसंग मला दाखव."

वैजयंती घुटमळली. "मी तो एकदाच पाहिलाय. परत नाही बघवला."

"मग आता माझ्याबरोबर बघ."

तिने मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवला. प्रसंग चार मिनिटांचा होता. सकाळी रेवती मुलीला शाळेच्या फाटकापाशी सोडून घरी आली. पिशवी उचलली, दार ओढून घेतले, कडी लावली आणि स्टँडकडे चालू लागली. मागे बंद दार तेवढे दिसत राहिले. वैजयंतीने प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला, मग आणखी एकदा पाहिला. तिचा चेहरा उतरला.

गुरुजींनी तिन्ही कागद तिच्यासमोर उलगडले. "तिन्ही वेळा तू दारात एक मुलगी उभी केली आहेस. एक वेणी घातलेली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे, हातात लाल रिबीन. ही मुलगी कोण?"

ती म्हणाली, "मी." आणि मग तिला थांबता येईना. "सात वर्षांची होते. आई माझ्या वेण्या घालत होती. आजी आतून काहीतरी बोलली. आईनं फणी खाली ठेवली आणि चपला घालून निघून गेली. बावीस दिवसांनी परत आली. का गेली होती, ते घरात कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

गुरुजींनी तिला रडू दिले. मग ते शांतपणे म्हणाले, "काव्य असो की मालिका, लिहिणारा सगळी जागा भरत नाही. उरलेल्या जागेत आपण आपलं माणूस नेऊन उभं करतो. त्यात पाप नाही. तसं केल्यावाचून डोळ्यांत पाणीही येणार नाही. पण आपण कोणाला उभं केलंय, हे आपल्याला ठाऊक असावं. तू रेवतीवर रागावलीस असं तुला वाटलं. आणि त्या फलटणच्या बाईंनी तिथे कोणाला पाहिलं असेल, हे तर तू विचारलंही नाहीस."

वैजयंतीने तिथूनच फोन लावला.

"इंदुमतीताई, मी वैजयंती बोलतेय. मी तुम्हाला फार वाईट बोलले. चुकलं माझं."

पलीकडून त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण गेली नाही हो घर सोडून. जायला निघाली होती. मुलीसाठी थांब, असं सगळ्यांनी समजावलं. मी सगळ्यात जास्त. तिची मुलगी आता माझ्याकडेच असते."

त्यापुढे काही विचारण्याची वैजयंतीला गरज उरली नाही.

तिने समूहात सर्वांसमोर क्षमा मागितली. काहींना ते रुचले नाही. दोन-तीनशे माणसे सोडून गेली. इंदुमतीबाई परत आल्या नाहीत, पण वैजयंतीचा नंबर त्यांनी ब्लॉकही केला नाही.

पुढच्या रविवारी वैजयंती कराडला आईकडे गेली. जेवणे झाली. आई भांडी विसळत होती. अडतीस वर्षे न विचारलेला प्रश्न तिने तिथेच, ओट्याशी उभे राहून विचारला. आवाजात राग येऊ नये म्हणून ती फार जपून बोलली.

आई पाठमोरीच राहिली. नळ नुसताच वाहत होता. मग तिने तो बंद केला, पदराला हात पुसले आणि भिंतीशी पाट मांडला.

"बस," ती म्हणाली. "सांगते."