लाल दोरी आणि पाटाचे पाणी

ही गोष्ट सांगायची नाही, असे मला बजावलेले आहे. कारण ती ऐकली की कुणी ना कुणी विचारतेच, "ही माझ्यावर रचली का?" ती कुणावरही रचलेली नाही. तरी हळूच सांगते.

फार पूर्वी, आपले खापरपणजोबाही जन्मले नव्हते तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव होते. गावात प्रार्थनामंदिर होते आणि मंदिरात एक जाड शास्त्रग्रंथ. कोणत्या रविवारी कोणता भाग वाचायचा, हे वाडवडिलांनी कधीच नेमून ठेवले होते. मंदिर झाडणारी आजी शनिवारी त्या भागात लाल दोरी घालून ठेवी. उपदेश करणाऱ्या पाळकांनी मात्र आधी त्यात डोकावायचे नाही. रविवारी सगळ्यांसमोर ग्रंथ उघडायचा, दोरी निघेल तिथले वाचायचे आणि त्यावरच बोलायचे. कुणाला मनात धरून उपदेश होऊ नये, म्हणून ही रीत.

त्या गावात एक मळेकरी राहत होता. डोंगरातून आलेला पाट सगळ्यांच्या मळ्यांजवळून जाई आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली होती. एका उन्हाळ्यात मळेकऱ्याच्या केळी माना टाकू लागल्या. शेजारी एका विधवेचे वांग्यांचे वाफे होते. त्या दिवशी पाळी तिची होती, पण ती दुपारची भाकर खायला घरी गेली होती. मळेकऱ्याने इकडेतिकडे पाहिले. तिच्या वाफ्यांकडे जाणारी पाण्याची वाट मातीने बुजवली आणि पाणी आपल्या केळींत घेतले. ती परतायच्या आत माती काढूनही टाकली.

पुढच्या पाळीलाही त्याने तेच केले.

"पाटच आटत चाललाय वाटतं," विधवा म्हणाली.

"उन्हाळाच तसा आहे, बाई," तो म्हणाला.

रविवारी पाळकांनी ग्रंथ उघडला. द्वेषापोटी काही लोकांनी एका परक्या माणसाच्या विहिरी मातीने बुजवल्या, ती कथा निघाली. माती हा शब्द ऐकताच मळेकरी सावरून बसला. पाळकांनी मध्येच मान वर केली. ते भिंतीवरच्या पालीकडे बघत होते, पण मळेकऱ्याला वाटले, आपल्याकडेच बघताहेत.

'ह्यांना कुणीतरी सांगितलंय,' तो मनात म्हणाला. 'पण कुणी?'

त्याच आठवड्यात त्याने आपल्या बायकोला मंदिराच्या पायरीवर पाळकांशी हळू आवाजात बोलताना पाहिले. तो जवळ आला तशी दोघे गप्प झाली.

घरी आल्यावर त्याने विचारले, "काय बोलत होतीस?"

"काही नाही. प्रार्थनेचं होतं."

"कुणाच्या?"

"असते एकेकाची," म्हणून ती चुलीकडे वळली.

तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतेच बोलू लागला. ती पाण्याचा तांब्या पुढे करी, तर तो तिच्या तोंडाकडे निरखून पाही.

पुढच्या रविवारी एका राजाने शेजाऱ्याचा मळा कसा बळकावला, ते वाचन निघाले. आता मळेकऱ्याला राहवेना. त्याने दाराशीच पाळकांना गाठले.

"पाळकबाबा, वाचन तुम्हीच निवडता ना?"

"मी? मला तुमच्याबरोबरच कळतं. आज मी किती चाचरलो, पाहिलंत ना?"

'सोंग छान वठवतात,' मळेकऱ्याने मनाशी म्हटले.

इकडे वांग्यांची फुले गळून पडली. विधवेने बोचके बांधायला घेतले. एवढा रविवार झाला की ती गाव सोडून भावाकडे जाणार होती. हे मळेकऱ्याच्या कानावर आले. पण त्याच्या डोक्यात दुसरेच चालले होते.

शनिवारी आजी दोरी घालून गेल्यावर तो मंदिरात शिरला. जिथे पाणी नाही, माती नाही, शेजारी नाही, असे पान त्याने शोधून काढले. त्यात नुसती नावे होती. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा आणखी कुणी. त्याने दोरी तिथे घातली. 'ह्यातून माझ्यावर काय काढतात, बघू.'

रविवारी तो ऐसपैस बसला. पाळक नावे वाचू लागले, तशी पोरे जांभया देऊ लागली. वाचून झाल्यावर पाळकांनी ते पान पुन्हा वरून खाली चाळले.

"आता ह्यावर काय बोलावं?" ते म्हणाले. "जवळजवळ सगळी नावं पुरुषांची. पण मधे एक बाई आहे. परमुलखातून आलेली, विधवा. दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसं वेचून पोट भरायची. शेताच्या मालकानं गड्यांना सांगितलं होतं, तिला हाकलू नका, मुद्दाम चार कणसं खाली टाका. तिच्याच..."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मळेकरी ताडकन उभा राहिला होता.

"काय सांगितलं?" पाळकांनी विचारले.

सगळे वळून बघू लागले. मागून आजी म्हणाली, "बाबा, मी दोरी इथं घातलीच नव्हती."

मळेकऱ्याने आजीकडे पाहिले, पाळकांकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. आजचे वाचन ह्यांपैकी कुणीच निवडले नव्हते. ते त्याने स्वतःच्या हाताने निवडले होते. आता संशय घ्यायला कुणी उरलेच नव्हते.

"दोरी मी हलवली," तो म्हणाला. मग विधवेकडे वळला. "बाई, पाट आटला नाही. तुमचं पाणी मी घेतलं."

घरी जाताना वाटेत बायको म्हणाली, "मी तुमच्या झोपेसाठी प्रार्थना मागितली होती. रात्रभर कूस बदलत असता."

त्या उन्हाळ्यात त्याने आपल्या सगळ्या पाळ्या विधवेला दिल्या. तिने बोचके सोडले. वांग्यांना पुन्हा फुले आली आणि त्याच्या केळी मात्र वाळून गेल्या.

तात्पर्य: ज्याने काही लपवले आहे, त्याला प्रत्येक वाचनात आपलेच नाव ऐकू येते, दोष वाचणाऱ्याचा नसतो.

आता तुम्ही विचाराल, ही गोष्ट सांगू नको असे मला कुणी बजावले? ते पुढच्या बाकावर बसतात आणि परवाच्या वाचनाला त्यांनी पाळकांना विचारले की, आजचा भाग तुम्हीच... आले हं, आत्या! मला आत्या हाक मारते आहे, आणि मी त्यांचे नाव काही घेणार नाही.