गुणाईची साळू

फार जुनी गोष्ट, बाळांनो. आपलं गाव आणि धानोरं यांच्यामधे तेव्हा नुसता माळ होता. झाड नाही, घर नाही, आणि गवतात लांडगे. माणसं घोळक्यानं जायची. एकटी जायची ती फक्त गुणाई सुईण, आपल्या साळू घोडीवर.

साळू दिसायला काही खास नव्हती. पोट सुटलेलं, चाल एकसारखी. पण दिवसभर चालली तरी तिला धाप लागत नसे, आणि ती कशाला बुजत नसे. शेजारी वीज पडली तरी आधी तोंडातला घास संपवील, असं म्हणतात.

एकदा थंडीत, तांबडं फुटताना, धानोऱ्याचा रायबा धनगर घोडा फेकत आला. घोड्याच्या तोंडाला फेस आलेला. रायबाची बायको केरूबाई कालपासून अडली होती.

"मावशी, माझ्या मागं बसा. वाऱ्यासारखा नेतो."

गुणाईनं घोड्याच्या बरगडीला हात लावला. "ह्याचं काळीज तुझ्याहून जास्त धडधडतंय. मी साळूवर येते."

"तुमची ही म्हातारी पोचेस्तोवर पोर चालायला लागेल!"

"मग येईल की सामोरं," गुणाई म्हणाली, आणि तिनं खोगीर घातलं.

माळाच्या मध्यावर धुकं दाटलं. वारा नव्हता, तरी गवत हललं. एक डोकं दिसलं, मग दुसरं. रायबाचा घोडा किंचाळला आणि त्याला खाली टाकून धुक्यात पळाला. अर्धे लांडगे त्याच्या मागं गेले. थोड्या वेळानं लांबून एक किंकाळी आली. मग काही नाही.

उरलेले रायबाभोवती फिरू लागले. तो पळायच्या बेतात होता. तेवढ्यात मागून गुणाईला घेऊन साळू आली, त्याच चालीनं.

गुणाईलाही भीती होती, बाळांनो. नव्हती असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण बसणाऱ्याचे गुडघे थरथरले की घोडीला कळतं. म्हणून ती साळूच्या श्वासाला श्वास जुळवून बसली होती.

"पळू नको, लेकरा. हिच्या बरगडीवर हात ठेव. ही घेईल तसा श्वास घे."

ते तसेच चालले. दोन्ही बाजूंनी लांडगे, इतके जवळ की त्यांच्या अंगाचा वास येई. एकाची लव रायबाच्या पोटरीला घासली, असं म्हणतात. साळूनं कान पाडले नाहीत, की पाऊल चुकवलं नाही. लांडगे धानोऱ्याच्या वेशीपर्यंत आले आणि तिथंच बसले.

घरात केरूबाई भीतीनं अर्धी झाली होती. श्वास नुसता वरच्या वर. गुणाई सांगे ते तिच्या कानात शिरेना. तेव्हा रायबानंच साळूला दारात आणलं आणि रडणाऱ्या बायकांना गप्प केलं.

"केरे, हिचा श्वास ऐक. मी त्याच्याच जोरावर घरी आलोय."

दारात घोडी, वेशीवर लांडगे. घरात कुणी हललं नाही. हळूहळू केरूबाईचा श्वास खाली बसला. ऊन माथ्यावर येताना पोर रडलं, आणि वेस मोकळी झाली. लांडगे पुन्हा दिसले नाहीत, असं म्हणतात. ते गेले, असं मात्र कुणी म्हणत नाही.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. गावात घोडा उरला नाही. तरी पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या की वरातीची घोडी मागून आणतात आणि दारात उभी करतात. दवाखान्यात न्यायची जीप बंद ठेवतात. पोरीचा हात घोडीच्या बरगडीवर ठेवतात आणि गुणाईचं नाव घेतात. घाईचा एक शब्द कुणी काढत नाही. पोरीचा श्वास घोडीच्या श्वासाला मिळाला, की मगच ड्रायव्हर किल्ली फिरवतो.