वृंदाचं आभारप्रदर्शन

सन २०२४, वैशाखातली दुपार. माझी नात वृंदा वक्तृत्वाच्या तासांना न बसता थेट भरल्या सभागृहातल्या परीक्षेला उभी राहिली. दोन श्रेयांक हुकले तर पदवी अडणार होती. परीक्षक होते प्राध्यापक खानविलकर. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात हेच तासभर बोलले आणि माझी बोलायची पाळी खाऊन गेले.

"सभागृहाने टाळ्या वाजवल्या तरच पास," ते म्हणाले. मग 'दोन शब्द' म्हणत स्वतःच तासभर बोलले. "श्रोत्यांना काय हवं ते ओळखा," हेच पुन्हा पुन्हा.

वृंदा उठली. "सरांचे आभार मानून कार्यक्रम संपल्याचं जाहीर करते. बाहेर चहा तयार आहे!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं!

"हे भाषण झालं?" सर कडाडले.

"श्रोत्यांना काय हवं ते ओळखलं, सर."

सरांनी स्वतःच्याच अटीप्रमाणे श्रेयांक दिले. सत्कारातल्या माझ्या हुकलेल्या पाळीची फेड झाली.